‘आयुष्यात पुन्हा वजन उचलू नका’: या सल्ल्यामागचे विज्ञान कोठे आहे?

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत गेलेल्या भारतीय प्रयोगांची यादी देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. त्यांतला एक प्रयोग बेंगळुरूच्या ‘इनस्टेम’ या संस्थेचा होता. शरीरावरचा भार नाहीसा झाला की स्नायू का झिजतात, त्यांची पुनर्बांधणी कशी होते, हा त्याचा विषय. आपण सर्वांनी ती बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवली. स्थानकावरचे अंतराळवीर दररोज सुमारे दोन तास व्यायाम करतात आणि त्यासाठी तेथे निर्वात नळकांड्यांच्या रोधावर चालणारे, वजन उचलण्याची नक्कल करणारे यंत्र बसवलेले आहे, हेही अनेकांनी कौतुकाने वाचले. भार काढून घेतला की हाड आणि स्नायू दोन्ही खंगतात, ही गोष्ट आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

आणि त्याच देशात, खांदा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला आजही एका वाक्यात सांगितले जाते : ‘वजन उचलणे बंद करा.’ किती दिवस, कोणते वजन, कोणत्या दिशेने, याचा उल्लेख नाही. अवकाशात ज्या अवस्थेला आपण धोका मानतो, तीच अवस्था जमिनीवर आपण उपचार म्हणून लिहून देतो. ही विसंगती कोणालाच खटकत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खांद्याच्या सर्वसाधारण, अपघाताविना सुरू झालेल्या दुखण्यात भार संपूर्ण थांबवण्याचा सल्ला पुराव्यावर उभा नाही. भार ही बटणासारखी चालू-बंद करण्याची गोष्ट नाही. ती मात्रा आहे, आणि मात्रा कमी-जास्त करता येते. जो सल्लागार मात्रेविषयी बोलत नाही, त्याने सल्ला दिलाच नाही असे मी समजतो.

प्रथम माझा अनुभव. तो पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण राग कोठून आला ते वाचकांना कळावे. काही वर्षांपूर्वी बेंच प्रेस करताना माझा उजवा खांदा दुखू लागला. एमआरआय झाला. अहवालात ‘सुप्रास्पायनेटसच्या कंडरेला अंशतः चीर’ असे शब्द होते. तपासणी चार मिनिटांत आटोपली आणि ‘आयुष्यात पुन्हा वजन उचलू नका’ हे वाक्य घेऊन मी बाहेर पडलो. भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला मनुष्य, पण ‘चीर’ हा शब्द वाचून असा घाबरलो की अकरा महिने हाताला काहीच करू दिले नाही. दुखणे गेले नाही. गेली ती ताकद. अकराव्या महिन्यात रेल्वेच्या वरच्या बर्थवर माझी बॅग एका सत्तरीच्या गृहस्थांनी ठेवून दिली. त्यानंतर ज्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो, त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘कोणत्या कोनात दुखते, आणि किती वजनाला?’ हा प्रश्न खरे तर मीच स्वतःला विचारायला हवा होता. प्रयोगशाळेत एखादे उपकरण बिघडले असते, तर मी तोच पहिला विचारला असता.

आता या भीतीचा इतिहास पाहू. १९७२ मध्ये अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी एक प्रभावी कल्पना मांडली. हात वर उचलताना खांद्याच्या माथ्यावरचे ॲक्रोमियन हे हाड खालच्या कंडरांवर घासते, त्यांना चिमटते आणि त्यातून दुखणे उद्भवते. कंडरांच्या पंच्याण्णव टक्के चिरा याच घर्षणामुळे होतात, असेही त्यांनी पुढे म्हटले. उपाय सरळ होता : हाड खालून तासून जागा मोकळी करावी. चित्र इतके यांत्रिक आणि इतके पटण्याजोगे होते की ते तपासण्याची घाई कोणाला झाली नाही. एकट्या इंग्लंडमध्ये अशा शस्त्रक्रिया २००० साली सुमारे अडीच हजार होत्या, त्या २०१० पर्यंत एकवीस हजारांवर गेल्या.

मग उशिरा का होईना, तपासणी झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट पाडले गेले. एका गटाचे हाड तासले. दुसऱ्या गटात दुर्बिण आत घालून नुसते पाहिले, तासले काहीच नाही, आणि कोणाचे काय केले ते रुग्णांना सांगितले नाही. तिसऱ्या गटावर कोणतेच उपचार केले नाहीत. सहा महिन्यांनंतर तासलेल्या आणि न तासलेल्या गटांत फरक आढळला नाही. उपचार न केलेल्या गटापेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा नव्हता. फिनलंडमधल्या अशाच चाचणीत दोन वर्षांनंतरही निष्कर्ष तोच निघाला. दोन्ही चाचण्या २०१८ पर्यंत प्रसिद्ध झाल्या आणि २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील तज्ज्ञगटाने या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

विद्यार्थी मित्रहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हाड तासून जागा मोकळी केल्याने फरक पडत नसेल, तर ‘जागा अरुंद झाली म्हणून कंडरा घासली जाते आणि म्हणून दुखते’ हे स्पष्टीकरण निदान अपुरे आहे. ज्या गृहीतकाचे भाकीत चुकते, त्या गृहीतकाला आपण भौतिकशास्त्रात निरोप देतो. वैद्यकात मात्र ते रुग्णाच्या कागदावर ‘इम्पिंजमेंट’ या नावाने अद्याप सुखेनैव नांदत आहे. आणि त्याच चित्रातून ‘हात वर नेला की घासणार, घासली की फाटणार’ ही भीती आपल्या जिमपर्यंत आणि घरापर्यंत पोहोचली आहे.

चित्रांचा दुसरा घोटाळा स्कॅनचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली गेली. ९६ टक्के खांद्यांत काही ना काही ‘दोष’ सापडला. अभ्यास लहान आहे, त्यात स्त्रिया नाहीत, हे मान्य. तरीही त्यातला धडा मोठा आहे. ज्या खुणा न दुखणाऱ्या खांद्यांतही इतक्या सर्रास आढळतात, त्या खुणांना दुखण्याचे कारण म्हणण्यापूर्वी थांबावे लागते. पार्श्वभूमीचा गोंगाट न मोजता आलेल्या संकेतावर विश्वास ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही नापास करतो. केस पांढरे झाले म्हणून कोणी ‘केशरोग’ असा अहवाल देत नाही. मग चाळिशीच्या कंडरेवरील वयाच्या खुणांना रोगाचे नाव कशासाठी?

आता भाराकडे वळू. कागद-पेन्सिल घ्या, कारण या वादातला सर्वांत उपयोगी भाग अकरावीच्या पुस्तकातला आहे.

पाच किलोचा डंबेल हातात धरून हात सरळ बाजूला, खांद्याच्या पातळीपर्यंत उचला. डंबेल खांद्यापासून सुमारे ६० सेंटीमीटर दूर आहे. त्याचे आघूर्ण, म्हणजे ज्याला आपण टॉर्क म्हणतो ते, ५ × ९.८ × ०.६, म्हणजे साधारण २९ न्यूटन-मीटर. सत्तर किलोच्या माणसाचा हात स्वतःच साडेतीन किलोचा असतो; त्याचे आणखी दहा. एकूण सुमारे चाळीस. हे आघूर्ण तोलणाऱ्या स्नायूंना मात्र तरफेची जेमतेम तीन सेंटीमीटर लांबी मिळते. भागाकार केला की तेराशे न्यूटनांहून अधिक, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो वजनाइतके बल स्नायूंना लावावे लागते. हातात वजन फक्त पाच किलो! ‘मी तर हलकेच उचलतो, तरी दुखते’ म्हणणाऱ्यांच्या कोड्याचे उत्तर येथे आहे. खांद्याला किलो कळत नाहीत, आघूर्ण कळते.

आता तोच डंबेल कोपर काटकोनात वाकवून, पुढचा हात समोर ठेवून उचला. अंतर ६० वरून ३० सेंटीमीटरवर आले. एकूण आघूर्ण सुमारे २२. वजन एक ग्रॅमनेही न घटवता भार जवळजवळ निम्मा झाला. यात एक मेख आहे, तीही पाहा : कोपर वाकवल्याने दंडाला आतल्या बाजूने फिरवू पाहणारे नवे आघूर्ण जन्माला येते आणि ते तोलण्याचे काम खांद्यामागच्या लहान स्नायूंवर पडते. म्हणजे फुकट काहीच मिळत नाही. भार एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतो. पण व्यायाम बदलणे म्हणजे हेच तर आहे. दुखऱ्या रचनेवरचा भार किती काढायचा आणि तो कोणाच्या अंगावर टाकायचा, हे ठरवणे. किंवा हात सरळच ठेवा, पण ९० अंशांऐवजी ४५ अंशांवर थांबा. साइन फलनाच्या कृपेने आघूर्ण तीस टक्क्यांनी उतरते.

एवढे समजले की ‘बंद’ या शब्दाची गरज किती क्वचित पडते ते ध्यानात येते. बेंच प्रेसमध्ये बार छातीपर्यंत आला की कोपरे पाठीच्या मागे जातात आणि तेथे दुखते? मग जमिनीवर झोपून तोच व्यायाम करा. जमीनच कोपरांना थांबवते. कोपरे शरीराशी काटकोनात पसरण्याऐवजी ४५ अंशांच्या आसपास ठेवा, पकड थोडी अरुंद करा, किंवा बारऐवजी डंबेल घेऊन तळवे समोरासमोर ठेवा. डोक्यावर वजन नेताना दुखते? बाकाची पाठ तिरकी करून दाबा, किंवा बारचे एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरे टोक समोर-वर ढकला. मानेमागे बार उतरवण्याचा हट्ट सोडा. तो छातीसमोर आणा, काही बिघडत नाही. बाजूला हात उचलताना तो अगदी बाजूला न नेता तीसेक अंश पुढे आणा, कारण खांद्याचे पातेही त्याच दिशेला तोंड करून असते. डिप्स दुखवतात, तर काही आठवडे भिंतीवर किंवा बाकावर हात टेकून दंड काढा. पाठीकडे ओढण्याचे व्यायाम बहुतेकांना सोसतात; ते चालू ठेवा. वजन कमी करून आवर्तने वाढवली तरी, शेवटची आवर्तने जड जात असतील तर, स्नायू वाढतात. ही गोष्ट आता पुरेशी सिद्ध आहे. आणि पायांच्या व्यायामाने तर खांद्याचे काय घोडे मारले आहे? खांदा दुखतो म्हणून जिमचे सदस्यत्वच रद्द करणारे लोक मी पाहिले आहेत.

किती दुखले तर चालेल? फिजिओथेरपीत प्रचलित असलेला संकेत साधा आहे. शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंतचे दुखणे व्यायामादरम्यान सोसावे, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे. आले, तर पुढच्या आठवड्यात थोडी वाढ. नाही आले, तर मात्रा जास्त झाली. एक पायरी खाली या. मोजा, बदला, पुन्हा मोजा. एका वेळी एकच चल बदला, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. वहीत लिहून ठेवा. प्रयोगशाळेत आम्ही दुसरे काय करतो?

येथपर्यंत वाचून जिममधले काही मित्र खूश झाले असतील. त्यांनी घाईने टाळ्या वाजवू नयेत. ‘दुखल्याशिवाय वाढत नाही’ ही त्यांची घोषणा आणि ‘पुन्हा उचलू नका’ हा दवाखान्याचा हुकूम, ही एकाच अज्ञानाची दोन टोके आहेत. दोघांनाही मधल्या अंकांचे वावडे आहे. आखाड्यातला वस्ताद नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी भारी मुद्गल देत नाही आणि हात आखडला म्हणून त्याला तालमीतून हाकलूनही देत नाही. त्याच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या परंपरेत मात्रेची जी समज आहे, ती आरसेमहालासारख्या जिममध्येही दिसत नाही आणि वातानुकूलित दवाखान्यातही नाही.

माझ्या बाजूच्या विरोधातला पुरावाही सांगितला पाहिजे, कारण तो लपवणे हा विज्ञानाशी द्रोह ठरेल. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधील चाचणीत ७०८ रुग्णांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा सत्रांपर्यंत क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम दिला गेला, तर काहींना केवळ एकच सत्र : नीट समजावून सांगणे आणि घरी करण्याचा साधा व्यायाम. वर्षभरात दोन्ही गटांत फरक पडला नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचाही दीर्घकालीन लाभ दिसला नाही. तेव्हा ‘आमच्याच खास व्यायामाने खांदा बरा होतो’ असे सांगून महागडी पॅकेजे विकणाऱ्यांनीही या निकालापुढे नम्र व्हावे. पण याच निकालात माझा सर्वांत मोठा आधारही आहे. एकदाच, पण नीट बसून केलेले बोलणे आणि घरचा व्यायाम हे सहा सत्रांच्या तोडीचे ठरतात. म्हणजे आपल्याकडे ज्याची टंचाई आहे ते यंत्र नव्हे, औषध नव्हे. ते आहे त्या एका सत्राचे बोलणे. चार मिनिटांत ते होत नाही. रांगेत साठ रुग्ण असताना डॉक्टरांनी ते कसे करावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फिजिओथेरपिस्टांना रुग्णालयाच्या तळघरात बसवून मिळणार नाही. त्यांना या साखळीत पहिल्या भेटीपासून स्थान द्यावे लागेल.

मी वैद्य नाही, म्हणून सीमाही स्पष्ट करतो. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलता येईनासा झाला, खांदा निखळला, ताप, सूज, लाली आहे, वजन अकारण घटत आहे, रात्री कोणत्याही स्थितीत न थांबणारी वेदना आहे, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, सगळ्या दिशांनी खांदा आखडत चालला आहे, तर ही पोस्ट बंद करा आणि तज्ज्ञाकडे जा. चालताना, जिना चढताना खांदा दुखतो आणि छातीत दडपण येते, तर दुखणे हृदयाचे असू शकते. तेथे एक तासही दवडू नका. तरुण माणसाची अपघाताने पूर्ण तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने जोडावी लागू शकते. माझा वाद या रुग्णांच्या उपचाराशी नाही. वाद त्या असंख्य सामान्य खांद्यांविषयी आहे, ज्यांना याच रुग्णांच्या भीतीने बांधून ठेवले जाते.

मीराबाई चानूंची गोष्ट अनेकांना आठवत असेल. खांद्याच्या आणि पाठीच्या तक्रारींनी त्यांचा स्नॅच अडला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या अमेरिकेला, वेटलिफ्टिंगची पार्श्वभूमी असलेले फिजिओथेरपिस्ट आरॉन हॉर्शिग यांच्याकडे गेल्या. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला आणि जुलैमध्ये टोकियोत २०२ किलो उचलून रौप्यपदक आणले. एका खेळाडूच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. पण एक प्रश्न जरूर उभा राहतो : त्या खांद्याला कोणी ‘आयुष्यात पुन्हा उचलू नका’ असे सांगून घरी पाठवले नाही, कारण त्या खांद्यावर देशाचे पदक होते. आपल्या खांद्यांवर काय असते?

काय असते ते सांगतो. बाजार समितीतल्या हमालाच्या खांद्यावर पोते असते. विहिरीवरून येणाऱ्या बाईच्या डोक्यावर हंडा असतो आणि तो चढवायला खांदाच लागतो. गवंडी, नर्स, रंगारी, रेल्वेचा कुली. यांना ‘वजन उचलू नका’ सांगणे म्हणजे ‘जेवू नका’ सांगणे. ते हा सल्ला पाळत नाहीत, पाळूच शकत नाहीत. मात्र तो ऐकल्यापासून प्रत्येक पोते भीतीने उचलतात. भार कसा वाटून घ्यावा, ओझे शरीराजवळ कसे ठेवावे, दुखऱ्या आठवड्यात खेपा कशा विभागाव्यात, हे त्यांना कोणीच सांगत नाही. भार बदलण्याचे शास्त्र जिमवाल्यांचे चोचले नव्हे. त्याची खरी गरज यांनाच आहे.

आणि बाकीच्यांचे? २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यास सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि रक्तातली साखर जिरवणारे शरीरातले सर्वांत मोठे ठिकाण स्नायू हेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. अशा देशात, मोठ्या मुश्किलीने व्यायामाला लागलेल्या पन्नाशीच्या मधुमेही बाईला एका वाक्यात घरी बसवणे हा सावधपणा म्हणता येणार नाही. त्या वाक्याची किंमत ती पुढची वीस वर्षे मोजते. फक्त तिची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी ‘बंद करा’ ऐकाल तेव्हा नम्रपणे चार प्रश्न विचारा. नेमकी कोणती हालचाल बंद? किती दिवस? त्याऐवजी काय करू? आणि पुन्हा सुरू केव्हा, किती वजनाने? गोळी लिहून देताना डॉक्टर मिलिग्रॅम लिहितात, दिवस लिहितात. व्यायामालाही तेवढाच आदर मिळावा. चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर तो सल्ला जरूर पाळा. एकाचेही मिळाले नाही, तर दुसरे मत घ्या.

माझा खांदा अधूनमधून आजही कुरकुरतो. एमआरआय काढला, तर ती चीर बहुधा तेथेच सापडेल. गेल्या महिन्यात मात्र रेल्वेत एका आजींची बॅग वरच्या बर्थवर मी ठेवली.